आईचा उजवा कान

बिबवेवाडी, पुणे
१२ जानेवारी २०२५

चि. अपेक्षा हिस,

अनेक आशीर्वाद. घ्यायचे की पाकिटातच ठेवायचे ते तुझं तू ठरव. बाळापर्यंत मात्र तेवढे पोचव, तिचं माझं अजून भांडण नाही.

इकडे सगळं ठीक. इकडे म्हणजे मी आणि स्वयंपाकाच्या सुंदराबाई. त्यांना माझं ब्लडप्रेशर कुणीतरी सांगितलंय, त्यामुळे आमटीत मीठ नसतं आणि बोलण्यात मात्र भरपूर असतं. माझा नंबर तू ब्लॉक केलायस हे मला अनिरुद्धकडून कळलं. तोवर मी आपला धायरीत नेटवर्क नाही असं समजून बसलो होतो. जावयानं सासऱ्याला इतकंही खरं सांगू नये. म्हणून हे पत्र. पोस्टातली मुलगी म्हणाली, "आजोबा, धायरीच ना? रिक्षानं जा की." म्हटलं, रिक्षा जाते गं, दार उघडत नाही.

परवा संक्रांत. गोड बोला म्हणतात. तू नुसतं बोललीस तरी मला चालेल.

बाळाच्या कानात तेल घालू नका. तुझ्या सासूबाईंना माझं नाव घेऊन सांग, वाईटपणा माझ्याकडे येऊ दे. मला त्याची सवय आहे.

आता काम. तुला एकदा हॉस्पिटलात येऊन कान तपासून घ्यायचे आहेत. बाळाचे नव्हे, तुझे. का ते सांगतो, पण त्याआधी दुसरं एक सांगायला हवं. ते कसं सांगायचं हे ठरवण्यात आठवडा गेला. चार वेळा कागद फाडला.

तुझा राग मला पाठ आहे. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तू बंगळुरूहून निघालीस, आणि तू पोचायच्या आत मी देहदानाची गाडी बोलावली. तिनं तशी इच्छा लिहून ठेवली होती, हे खरं. कॉलेजवाले घाई करतात, हेही खरं. तुझ्यासाठी त्यांना थांबवता आलं असतं, हेही तितकंच खरं, आणि ते मी तुला तेव्हा बोललो नाही. तू दारात बॅग टाकून म्हणालीस, "आईला तुम्ही कापायला दिलंत. मला राखसुद्धा ठेवली नाहीत." आणि जाताना म्हणालीस, "तुम्ही तिचं आयुष्यात कधी ऐकलं नाहीत." पहिल्या वाक्याला माझ्याकडे उत्तर होतं. दुसरं मला तेव्हा नुसता त्रागा वाटला.

एक तुला माहीत नाही. मी तिला आमच्या कॉलेजात दिलं नव्हतं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात दिलं. मी शिकवतो त्या पोरांच्या टेबलावर ती येऊ नये, एवढाच हेतू होता. इतकी अक्कल मला होती.

दर हिवाळ्यात आमच्याकडे हाडांची कार्यशाळा असते. कानाचं ऑपरेशन जिवंत माणसावर शिकता येत नाही, म्हणजे शिकू नये. म्हणून देहदानातून आलेली कानाची हाडं टेबलांवर बसवतात आणि रेसिडेंट मुलं मायक्रोस्कोपखाली ड्रिल चालवायला शिकतात. पाण्याची बारीक धार चालू, दाताच्या दवाखान्यासारखा आवाज आणि फॉर्मालिनचा वास. तू लहानपणी एकदा आली होतीस आणि जेवली नव्हतीस. यंदा हाडं कमी पडली. माधवनं इकडूनतिकडून मागवली. माधव माझा विद्यार्थी, आता विभागप्रमुख आहे, आणि मी त्याच्या हाताखाली मानाचा म्हातारा म्हणून हजेरी लावतो. कुठून मागवली, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आमच्याकडे उत्कर्षा रामटेके म्हणून मुलगी आहे, भंडाऱ्याची. एमएस झाली, आता ज्युनियर पोरांना शिकवते. हाताला सुरेख आणि तोंडाला फटकळ, म्हणून माझं तिचं जमतं. ती एका टेबलावरून मला म्हणाली, "सर, हे पाहा न. इथं कोणीतरी आधीच येऊन गेलेलं आहे."

मी पडद्यावर पाहिलं.

तुला घरात ऐकून ऐकून माहीत आहे, तरी लिहितो. कानात खोल रिकिबीसारखं दिसणारं एक हाड असतं, तांदळाच्या दाण्याहून लहान. काहींच्या कानात ते जागच्या जागी घट्ट बसतं आणि माणसाला कमी ऐकू यायला लागतं. मग आम्ही ते काढतो, खाली बारीक भोक पाडतो आणि टेफ्लॉनचा पिस्टन शेजारच्या हाडाला अडकवून त्या भोकात सोडतो. हा डावा कान होता. त्यात पिस्टन होता, पण ज्याला अडकवला ते शेजारचं हाड झिजून गेलं होतं. पिस्टन नुसताच लोंबत होता.

माधवनं माईक घेतला. "बघा, नापास झालेली केस. या बाई या कानानं बरीच वर्षं बहिऱ्या असणार. आणि ज्या महाशयांनी ऑपरेशन केलं त्यांनी पुन्हा तपासलंच नसणार." पोरं हसली. हसणारच. असल्या विनोदांवर मी सबंध नोकरी काढली आहे.

मी हसलो नाही, कारण मला चेहऱ्याची नस दिसत होती. ती सगळ्यांच्या कानातून जाते, पण या कानात ती नेहमीपेक्षा खाली ओघळून त्या जागेवर लोंबत होती. असं क्वचित असतं. तिथं सरळ पिस्टन जात नाही, नसेला धक्का लागतो आणि अर्धा चेहरा कायमचा पडतो. या पिस्टनचं टोक तिरकं कापलेलं होतं. असा तिरका काप मी एकदाच घेतला होता. हातानं, ब्लेडनं, लाकडी ठोकळ्यावर ठेवून. तुझ्या आईसाठी.

तू बालवाडीत होतीस. स्वतःच्या बायकोचं ऑपरेशन करू नये, हे मीच सगळ्यांना शिकवतो. पण ती म्हणाली, दुसऱ्या कुणाला कानाला हात लावू देणार नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही दुसऱ्या कुणाला देववलं नसतं. जागेपणीच करतात ते, नुसती जागा बधिर करून. पिस्टन बसला की सर्जननं हळूच काहीतरी बोलून बघायचं. मी अगदी कुजबुजलो, "ऐकू येतंय का?" ती म्हणाली, "ओरडताय कशाला?" सगळं ऑपरेशन थिएटर हसलं. तो किस्सा मी नंतर प्रत्येक व्याख्यानात सांगितला. माझी सर्वांत चांगली केस म्हणून.

मी उत्कर्षाला ते हाड बाजूला ठेवायला सांगितलं आणि चहाला म्हणून बाहेर आलो. तिला जिथं दिलं तिथल्या ॲनाटॉमीच्या मॅडमना फोन लावला, डब्यावरचा नंबर सांगितला आणि विचारलं, ही तीच का. त्या म्हणाल्या, "सर, नंबर कुणाचा ते विचारू नका ना प्लीज." त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी फोन ठेवला असता. त्या नाही म्हणाल्या नाहीत.

आता मी घरभर फिरतो आणि एकेक आठवत बसतो. नाटकाला गेलो की ती मला म्हणायची, "तुम्ही या बाजूला बसा, तिकडून ऊन येतं." नाट्यगृहात कसलं आलंय ऊन! झोपताना उजवा कान उशीत खुपसून झोपायची आणि सकाळी म्हणायची, "तुमच्या घोरण्याचा मला मुळीच त्रास होत नाही." लोकांना मी कौतुकानं सांगायचो, बायको असावी तर अशी. एकदा म्हणाली, "ऐकू नाही आलं तरी बिघडत नाही, तेच तेच तर बोलता." मी पोट धरून हसलो होतो. खडकवासल्याला धरणाच्या भिंतीवर वारा आणि गाड्यांचा गोंगाट असला की तिला बोलायला सुचायचं. घरात मुकी आणि तिथं अखंड टकळी. मी समजायचो की बाईला कणीस मानवलं.

शहरातल्या निम्म्या लोकांचे कान तपासले मी, अपू. घरातला एक राहिला.

तुला माहीत होतं का? एवढंच विचारतो. तू लहानपणी तिला काही सांगायचं असलं की टेबलाला वळसा घालून पलीकडून यायचीस. मी रागवायचो, सरळ इथूनच बोल की.

तुझे कान का तपासायचे, ते लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे लिहवलं नाही. तू आधी उत्तर दे. दोन ओळी चालतील, शिव्या असल्या तरी चालतील.

अजून तरी तुझाच,
बाबा

धायरी
२१ जानेवारी

बाबा,

पत्र मिळालं. अनिरुद्धच्या हाती उत्तर पाठवतेय. फोन करणार नाही.

हो, मला माहीत होतं. चौथीत होते. कुकरच्या शिट्ट्या मोजायला ती मला ओट्यापाशी उभी करायची. मला वाटायचं लाडानं. एक दिवस मी तिच्या डाव्या कानाशी जाऊन हळूच "आई" म्हटलं आणि ती कोथिंबीर निवडत बसली. मग मी दुसऱ्या बाजूला जाऊन तसंच म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की मला कळलंय. मला शपथ घातली. म्हणाली, "त्यांच्या एका व्याख्यानात मी आहे, तेवढं राहू दे."

मी ते पाळलं. पुढे कॉलेजात होते तेव्हा एकदा तिला दुसऱ्या डॉक्टरकडे चल म्हटलं होतं. म्हणाली, पुण्यातले सगळे कानाचे डॉक्टर यांचे विद्यार्थी, संध्याकाळपर्यंत घरी कळेल. खोटं नव्हतं ते.

तुम्हाला आता कळलं म्हणून मला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले आणि बाळ उठलं.

माझे कान ठीक आहेत. कुणी काय सांगितलंय तुम्हाला? अनिरुद्ध सगळीकडे सांगत सुटलाय की मी बाळ रडलं तरी उठत नाही. दमते म्हणून उठत नाही. त्यानं बाळ सांभाळून बघावं एक आठवडा. उलट मिक्सर चालू असला, घरात माणसं असली, तर मला सगळं जास्त स्वच्छ ऐकू येतं. बहिऱ्या माणसाला तसं येईल का? तुम्हाला मला बोलवायला कारण हवंय, ते शोधलंत, एवढंच.

ते हाड मला हवंय. नियम मला सांगू नका, तुमच्यासाठी लोकांनी आयुष्यभर नियम वाकवलेत. आळंदीला नेऊन मला जे करायचंय ते करीन. हाड मिळालं तर येईन तुमच्या हॉस्पिटलात. दारापर्यंत.

आणि एक. तुम्ही डाव्या कानावर चार पानं लिहिलीत. आईला दोन कान होते, बाबा. दुसरा कुठे आहे?

अपेक्षा

बिबवेवाडी
२ फेब्रुवारी

प्रिय अपू,

आईला दोन कान होते. हे वाचून मी खुर्चीत बसून राहिलो. सुंदराबाईंनी विचारलं, "साहेब, कुणी गेलं का?" म्हटलं, नाही, मुलीचं पत्र आलंय. माझीच पोरगी आहेस. जिथं हाड कच्चं तिथंच बोट ठेवलंस.

दुसराही आला होता. त्याच डब्यात, त्याच नंबरचा. दोन्ही मी माझ्या खोलीतल्या कपाटात ठेवले. माधवला खरं काय ते सांगितलं. तो खाली बसला आणि म्हणाला, "सर, मी माईकवर बोललो." म्हटलं, बरोबरच बोललास, निदान ठीक होतं. तो अजून माझ्या नजरेला नजर देत नाही. देहदानातलं काही परत देत नाहीत, पण त्यानं डोळे झाकले. दोन्ही तुलाच द्यायचे, असंच मी ठरवलं होतं. हे खरं मान.

मग तुझं पत्र आलं.

तू लिहिलंयस, मिक्सर चालू असला की जास्त स्वच्छ ऐकू येतं, बहिऱ्या माणसाला तसं येईल का. येतं, बाळा. नेमकं याच आजारात येतं. गोंगाटात समोरचा आवाज चढवून बोलतो आणि गोंगाट यांच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून बरं वाटतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे शिकवतो. खडकवासल्याची टकळी तीच होती. डिसेंबरात अनिरुद्ध भेटला तेव्हा खूष होऊन सांगत होता, "बाबा, हल्ली अपेक्षा किती हळू बोलते, माझ्यावर ओरडतच नाही." त्याला वाटलं बाळंतपणानं स्वभाव निवळला. या आजारात माणूस हळूच बोलतो, कारण स्वतःचा आवाज त्याला डोक्यात मोठा ऐकू येतो. तुझी आईही तशीच बोलायची, आणि लोक म्हणायचे किती शालीन.

हा आजार घराण्यात उतरतो. बाईमाणसाला बाळंतपणानंतर वाढतो. तिचाही तुझ्या जन्मानंतरच वाढला. हे मला पहिल्या पत्रात लिहायचं होतं. लिहवलं नाही, कारण ते लिहिलं की तू आईसारखीच गप्प बसशील, अशी भीती वाटली. आता सगळं लिहितो.

घाबरू नकोस. जिवाला काही होत नाही. आधी नुसती तपासणी, काचेच्या खोलीत बसून बटण दाबायचं, कंटाळवाणं असतं. मग कदाचित कानातलं यंत्र, त्यावर भागेल. बाळाचं अंगावरचं दूध सुटल्यावर ऑपरेशनचा विचार, तोही तू म्हणशील तर. मी काही म्हणणार नाही. या घरात मी बरंच म्हणून झालंय.

पण समजा करायचं ठरलं, तर कोण करणार? आठवडाभर मी याच्याच मागे होतो.

मी नाही. माझा उजवा हात थरथरतो. थोडाच, कपबशी धरताना कळतो न कळतो. पण जिथं अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब तिथं तेवढाही नडतो. हे माधवला माहीत नाही. उत्कर्षाला कळलंय, कारण ती माझ्या हातातून सुई न विचारता काढून घेते.

करायचं तर उत्कर्षानं. तिनं अशी बरीच ऑपरेशनं माझ्यासमोर केली आहेत, सगळी चांगली. पण त्यातल्या एकाही कानात ती नस खाली ओघळलेली नव्हती. तुझ्या आईच्या होती. तुझ्याही असेल असं नाही. असू शकते. अशी नस पुढ्यात आली की चांगल्या चांगल्यांचा हात पहिल्यांदा चुकतो. आणि पहिल्यांदा तू असणार होतीस.

असं हाड शिकायला मागून मिळत नाही, अपू. हा आजार असलेलं आणि ती नस तशी असलेलं मी उभ्या जन्मात दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा तुझ्या आईचंच. डाव्यात मी काम करून झालं होतं. उजव्यात आजार थोडा, नसही बहुतेक तशीच असणार, आणि तो कुणी न उघडलेला. कपाटात.

मी उत्कर्षाला बोलावून सांगितलं, हे कुणाचं आहे आणि कशासाठी आहे. लपवून करवून घेता आलं असतं, ते केलं नाही. ती म्हणाली, "मी नाही करत जी. दुसरं काहीही सांगा." मी म्हणालो, "मग माझ्या मुलीच्या कानावर शिक." वाईट बोललो. ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी आपणहून आली. विचारलं, "आईंना चाललं असतं का, सर?" म्हटलं, तिनं याचसाठी तर दिलं. "आणि ताईंना?" मी म्हणालो, तिला विचारलं तर ती नाही म्हणेल, म्हणून विचारत नाही.

तर हे असं आहे. तुला न विचारता मी पुन्हा एकदा आईला टेबलावर ठेवलं. पहिल्यांदा तू पोचायच्या आत आणि आता तुझं पत्र खिशात असताना. शिव्या द्यायच्या तर या वेळच्या दे. मागच्या वेळेला मला नियमांच्या आड लपता येत होतं. या वेळेला काही नाही.

उत्कर्षा टेबलाजवळ उभी राहिली आणि तिनं हात जोडले. पहिल्या वर्षी सगळ्यांना देहासमोर हात जोडायला लावतात, पुढे कुणी जोडत नाही. ती अजून जोडते. मग मायक्रोस्कोप ओढून घेतला आणि मला म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा, सर. तुम्ही मागे उभे राहिलात की मला तुमचा श्वास ऐकू येतो." आयुष्यात मला कुणी थिएटरमधून किंवा लॅबमधून बाहेर काढलं नव्हतं. गेलो. बाकावर पेशंटच्या नातेवाइकांसारखा बसलो. इतकी वर्षं त्या लोकांना मी सांगत आलो, बसा हो, काळजी करू नका. काय मूर्ख माणूस!

तिथं बसून मला तुझ्या आईचा संताप आला. हे कुणाला सांगायची सोय नाही म्हणून तुला सांगतो. मेलेल्या बाईचा इतका राग यावा! एकदा सांगितलं असतंस, तर मी पुन्हा बसवला असता. पाच वेळा बसवला असता. तिनं माझा किस्सा सांभाळला आणि स्वतःचा कान घालवला. आणि मला इतकं बरं वाटत होतं त्या किश्शानं, की ती दुसरं काय करणार होती? मग राग गेला आणि नुसतंच रडू आलं. समोरून जाणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "कुणाचं ऑपरेशन आहे, बाबा?" मी म्हणालो, बायकोचं.

उत्कर्षा बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा होता. म्हणाली, "नस तशीच आहे, सर. तुम्ही म्हणाले तशी. पहिल्यांदा गेले तेव्हा टोक घसरलं. नसेवर ओरखडा आला." मी बाकावर सरकून जागा केली. "जिवंत पेशंट असता तर तोंड वाकडं झालं असतं," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "त्यानंतर पिस्टन तिरका कापला, तुमच्यासारखा. हात वरून न आणता खालून नेला. बसला. आता मला कळलं कुठं घसरतं ते."

मग ती पोरगी माझ्यासाठी चहा घेऊन आली, साखर घालून.

उजवा कान आता तुला देण्यासारखा राहिला नाही. हाडाची भुकटी पाण्याबरोबर गेली. जे उरलं ते कॉलेजच्या रीतीप्रमाणे बाकीच्यांबरोबर जाईल. डावा आहे तसा आहे, माझ्या पिस्टनसकट. तुझ्या आईच्या मोतिया रंगाच्या रुमालात बांधून ठेवलाय. आळंदीला ने, कुठे न्यायचा तिथं ने. मला बरोबर यायला सांगितलंस तर येईन, नाही सांगितलंस तर रिक्षा करून देईन. त्यासाठी तपासणीची अट नाही. नुसती येऊन घेऊन गेलीस तरी तो तुझा आहे.

पण एवढं ऐक. तो हात एकदा घसरायचाच होता. माझाही पहिल्यांदा घसरला असता, नशीब म्हणून वाचलो. तुझ्या कानात घसरायचा तो आईच्या कानात घसरला. तिला दुखलं नाही. तुझा चेहरा वाचला, अपू. बाळ तुझ्याकडे बघून हसायला शिकेल ना, तो चेहरा.

मी तिचं कधी ऐकलं नाही म्हणालीस. बरोबर होतं. आता तुझं ऐकायला मी समोर बसेन, काहीही बोल. फक्त कोणत्या बाजूनं तुला नीट ऐकू येतं, ते मला आल्या आल्या सांग. तुझ्या आईला मी ते कधी विचारलं नाही.

तू सांगशील त्या बाजूला बसणारा,
बाबा